साळवे मामांची रेघ

साळवे मामा केसतुडानं गेले असं सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग हसू दाबतो. हार्ट अटॅकनं गेले म्हणावं, ट्रकनं उडवलं म्हणावं, लोक हळहळतात. केसतुडानं कुणी मरतं का, या काळात? मी हल्ली सांगणंच सोडलं होतं. पण ज्या माणसानं चाळीस वर्षं दुसऱ्यांची गळवं धुतली, पिळली, बांधली, तो स्वतःच्या मानेवरच्या गळवानं गेला, आणि तो वाचणार नाही हे माझ्या लॅबमधल्या काचेच्या बशीत मला आधी दिसलं. हे कुणापाशी तरी एकदा नीट बोलून टाकायला हवं.

आमचा दवाखाना धर्मादाय, शहराच्या जुन्या भागातला. शहराचं नाव बदललं, रस्त्यावरच्या पाट्या बदलल्या, आमच्या दवाखान्याच्या भिंतींचा रंग तेवढा तोच राहिला. मी तिथे लॅबमध्ये जंतू वाढवते. म्हणजे पगार त्याचाच मिळतो. रोज फुलंब्रीहून एसटीनं येते, एसटीनं जाते. मामा शेजारच्या ड्रेसिंग रूमचे ड्रेसर. आमच्या दोन खोल्यांच्या मध्ये भिंत, भिंतीला हातभर खिडकी, आणि त्या खिडकीतून ते पुवाचे नमुने माझ्याकडे सरकवायचे. बावीस वर्षांची आमची ओळख ती त्या खिडकीतून. त्यांच्या घरी मी दोनदाच गेले, त्यातली एक वेळ न सांगितलेलीच बरी. त्यामुळे त्यांचं सगळं आयुष्य मला माहीत नाही. मला माहीत आहेत त्यांचे हात आणि त्यांचं बॉलपेन.

पेन निळं, साधं, शर्टाच्या खिशाला कायम अडकवलेलं. गळू घेऊन माणूस आला की मामा आधी त्याच्या भोवतीची लाली किती पसरलीय ते बोटांनी चाचपायचे. मग ती जागा स्पिरिटनं पुसायचे, कारण घामावर पेन चालत नाही, आणि लालीच्या कडेनं कातडीवर रेघ ओढायचे. नकाशात तळं दाखवतात तशी. रेघेच्या शेजारी वेळ लिहायची. ती लिहिल्याशिवाय पेन खिशात जायचं नाही.

"उद्या या. लाली रेघेच्या आत असंल तर तुम्ही माझे. रेघेच्या भाईर गेली तर डाक्टरचे."

"आणि लई भाईर गेली तर?" असं एखादा टारगट विचारायचाच.

"मंग कुनाचेच नाय," मामा म्हणायचे आणि पुढच्याला हाक मारायचे.

नवे डॉक्टर यायचे ते या रेघेला आधी हसायचे आणि महिन्याभरात आपल्या खिशाला निळं पेन लावायचे. चिरा देणं डॉक्टरचं काम. त्यानंतरचं सगळं मामांचं: पू काढणं, पोकळीत औषधात भिजवलेल्या पट्टीची वात भरणं, दुसऱ्या दिवशी ती ओढून नवी घालणं. ही वात ओढताना भलेभले पैलवान आईच्या नावानं टाहो फोडतात. मामांचा त्यावर एक खास इलाज होता. त्यांना अख्ख्या जिल्ह्यातल्या गावांचे बाजाराचे वार पाठ होते. वात चिमट्यात धरायची आणि पेशंटला त्याच्या गावच्या बाजाराचा वार मुद्दाम चुकीचा सांगायचा.

"पिंपळवाडीचे ना तुम्ही? तुमचा बाजार शुक्रवारी."

"शुक्रवारी? शुक्रवारी कुठला? आवो, मंगळवारी भरतोय आमचा, आमच्या आज्यापासून मंगळ..." एवढ्यात वात बाहेर. आपल्या गावचा बाजार कुणी चुकवला की मराठवाड्यातला माणूस दुखणंसुद्धा बाजूला ठेवतो, हे मामांचं संशोधन. इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर गप्प बसलेला एकही पेशंट मी पाहिला नाही. सगळे चूक सुधारायचे.

मोजे घालायला त्यांचा विरोध नव्हता, पण आधी ते उघड्या हातानं माणसाच्या खांद्याला किंवा पाठीला हात लावायचे, तो हात तसाच क्षणभर ठेवायचे, मग हात धुऊन मोजे. मी एकदा त्यावरून झापलं. तेव्हा त्यांनी खिडकीतून, दुसरीकडे बघत, सांगितलं. एकोणीस वर्षांचे असताना त्यांच्या गुडघ्यावर गळू उठलं होतं. गावच्या वैद्यानं औषध दिलं, पण ओट्यावरून, वरून टाकून. साळव्यांच्या पोराला हात कोण लावणार? पाय सुजून खांब झाला तेव्हा बापानं त्यांना बैलगाडीत घालून शहरात आणलं, करीमचाचांकडे. चाचा जर्राह होते. जर्राह म्हणजे पिढीजात गळवं फोडणारे आणि मलम लावणारे, निजामाच्या काळापासूनचे. चाचांनी काही न विचारता तो पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला.

"आधी हात लावला, बाई. मंग बघितलं." मामा म्हणाले. "त्या हातापायी मी या धंद्यात आलो."

चाचांकडे ते चार वर्षं पोटीस आणि मलमपट्टी शिकले, मग आमच्या दवाखान्यात. चाचांची दोन वाक्यं मामांनी जन्मभर वापरली. एक, "पकने दे बेटा, कच्चे कू हात नक्को लगा." दुसरं, चाळीस वर्षांचा अनुभव सांगणाऱ्या कुठल्याही माणसाला उद्देशून, "होता होंगा."

ड्रेसिंग रूमच्या कपाटावर मामांनी रिकाम्या बाटल्या मांडून ठेवल्या होत्या. सफाईवाल्या मावशींनी चार वेळा फेकल्या, चार वेळा मामांनी कचऱ्यातून परत आणल्या. नवी नर्स आली की तिला स्टुलावर बसवून डावीकडून सुरुवात. पहिली पितळेची वाटी, चाचांची, अळशीच्या पोटिसाची. तेव्हा एवढंच होतं. गरम पोटीस बांधा, गळू पिकू द्या, फोडा, आणि नशिबाची वाट बघा. नाकावरचं केसतूड पिळलं तर विष मेंदूत चढायचं. मानेवर काळपुळी झाली, म्हणजे एकाच गळवाला चाळणीसारखी दहा तोंडं पडली, की घरचे लोक नातेवाइकांना निरोप धाडायचे. वाटीनंतर जांभळ्या औषधाची बाटली, मग लाल, मग पिवळी. "हे सगळे रंग," मामा सांगायचे. "जखम रंगली की घरच्याला बरं वाटायचं." मग सल्फाच्या पावडरीची डबी. आणि तिच्यापुढे रबरी बुचाची, अंगठ्याएवढी काचेची कुपी. पेनिसिलिन.

इथे ते थांबायचे. ही गोष्ट मी पंधरा वेळा तरी ऐकली असेल. चाचा तरुण असताना कापडाच्या व्यापाऱ्याच्या मुलाला मानेवर काळपुळी झाली. चाचांनी बघितलं आणि बापाला बाजूला घेऊन सांगितलं की आता दुआ करा. कुणीतरी हैदराबादेहून ही कुपी आणली. दर तीन तासांनी सुई. चौथ्या दिवशी चाचा समाचाराला म्हणून गेले, तर पोरगा उठून बसून खिचडी खात होता. चाचा घरी आले, सुऱ्या धुतल्या, पुसल्या, कापडात बांधल्या आणि अख्ख्या गल्लीत मिठाई वाटली. कुणीतरी विचारलं, चाचा, धंदा बुडाला आणि मिठाई कसली? चाचा म्हणाले, "धंदा डूब्या तो डूब्या. बच्चे तो बचे."

हे सांगताना मामांचे डोळे भरायचे. मलाही ते ऐकायला आवडायचं, पण त्याच्या पुढची गोष्ट माझ्या खात्याची होती आणि ती सांगायचा मला कंटाळा यायचा. गळवं करणाऱ्या जंतूनं त्या पेनिसिलिनला फोडायचं हत्यार थोड्याच वर्षांत शोधलं. मग नवं औषध आलं, त्यालाही उत्तर निघालं. मग आणखी नवं. कपाटावर कुपीच्या उजवीकडे नुसत्या ट्यूबा आणि गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांची रांग होती आणि ती भिंतीला टेकली होती.

मामांनी तो जंतू पहिल्यांदा पाहिला ती दुपार मला चांगली आठवते. एवढी वर्षं पू काढला, पण आत असतं काय ते पाहिलेलं नव्हतं. मीच बोलावलं. सूक्ष्मदर्शकात डोळा घालून ते इतका वेळ गप्प राहिले की मला वाटलं, दिसत नसेल.

"द्राक्षाचा घड हाय की वो," शेवटी म्हणाले.

मग मी त्यांना बशी दाखवली. पोषणाच्या थरावर वाढलेले बारीक सोनेरी ठिपके. या जंतूच्या नावातच सोनं आहे, तेही सांगितलं. आणि धडधाकट माणसाच्या नाकात, कातडीवर हा गुपचूप राहतो, जखम मिळाली की आत शिरतो, हेही.

"म्हंजी घरातलाच भाडेकरू," मामा म्हणाले. "लई देखणी जात हाय पण. आन् आपण यवढे दिवस हिला घाण म्हणत व्हतो."

त्या दिवसापासून ते रोज दुपारी खिडकीत यायचे. आमची तपासणी साधी असते. बशीत जंतू पसरायचे, त्यावर वेगवेगळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या चकत्या ठेवायच्या आणि बशी उबेत ठेवायची. जे औषध चालतं त्याच्या चकतीभोवती जंतू मरून स्वच्छ गोल उमटतो, चंद्राला खळं पडतं तसा. मामा त्याला खळंच म्हणायचे. "खळं पडलं का, बाई?" हा रोजचा प्रश्न. सुरुवातीच्या वर्षांत मी हसत सांगायची, पाच पडली, सहा पडली. पुढे चार. पुढे दोन. खळी बारीकही होत गेली. कधी कधी मी उत्तर न देता बशीच खिडकीतून पुढे करायची. ते बघायचे, परत द्यायचे आणि हात धुवायला जायचे.

आता डब्याचं सांगते. ते सांगायला मला जड जातं, पण त्याच्याशिवाय मामा पुरे होत नाहीत.

बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता त्यांच्या टेबलाखाली. लोक गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडतात, दोन दिवसांत बरं वाटलं की बंद. मामा त्यांना मनसोक्त शिव्या घालायचे, कोर्स पुरा का नाही केला म्हणून, आणि उरलेल्या गोळ्या मागून घ्यायचे. त्या डब्यात जायच्या. आणि ज्याच्याजवळ औषधाला काही नाही अशा माणसाच्या हातात जाताना त्यातून चार या, तीन त्या अशा गोळ्या पडायच्या. पुरा कोर्स त्या डब्यातून कधीच कुणाला मिळाला नसेल. जे करू नका म्हणून माणूस दिवसभर ओरडायचा, तेच तो टेबलाखालून स्वतः करायचा.

मी भांडले. सिल्लोडकडची एक बाई होती, जिनिंगमध्ये कामाला, काखेत गळवांवर गळवं. तिला त्यांनी दोन प्रकारच्या मिळून सात गोळ्या दिलेल्या मी खिडकीतून पाहिल्या.

"मामा, हे औषध नाही. अर्धवट गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, त्यांना तालीम मिळते. तुम्ही त्यांचे वस्ताद झालात."

"तुमचं बरोबर हाय," ते म्हणाले. त्यांचा हा स्वभाव फार वाईट होता, समोरच्याचं बरोबर आहे म्हणायचे आणि आपलंच करायचे. "पण ती कोऱ्या हातानं गेली तर परत येनार नाय, बाई. हे घेऊन गेली म्हंजी येईल तरी."

ती आली. चार महिन्यांनी, दोन्ही काखा घेऊन. तिच्या बशीत एकच खळं होतं. मामांनी ती बशी हातात धरून ठेवली, मी मागितली तरी लवकर दिली नाही. पंधरा दिवस डबा दिसला नाही. सोळाव्या दिवशी टेबलाखाली परत होता. मला संताप आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली, कारण त्या डब्यात माझ्या आईच्या उरलेल्या सहा गोळ्या मीच एकदा नेऊन टाकल्या होत्या. टाकून देण्यापेक्षा बऱ्या, असं वाटलं होतं. आम्हा सगळ्यांना तसंच वाटायचं.

गेल्या मे महिन्यात मामा मफलर गुंडाळून आले. बाहेर डांबर वितळत होतं. दोन दिवस मी काही बोलले नाही, तिसऱ्या दिवशी खिडकीतूनच विचारलं.

"मान धरलीय," ते म्हणाले.

मी पलीकडे गेले आणि मफलर ओढला. मला वास आधी आला. मानेच्या मागे, केस संपतात तिथे, तळहाताएवढी काळपुळी होती. चाळणीसारखी तोंडं. मी त्यांच्यावर ओरडले.

"किती दिवस झाले?"

"बारा-तेरा झाले आसतील. केसतूड व्हतं वो आधी. बारकं."

"आणि घेतलं काय?"

त्यांनी टेबलाखाली पाहिलं. तीन या, पाच त्या, मग संपल्या म्हणून दुसऱ्या. त्यांना साखर होती, दहा वर्षांपासून. हेही त्यांनी दवाखान्यात कुणाला सांगितलं नव्हतं, कारण साखरेवर काळपुळी कशी चढते यावर ते स्वतःच दर नव्या नर्सला भाषण द्यायचे. आमच्या सर्जननं त्याच दिवशी दाखल करून घेतलं, चिरा दिला, सुई चालू केली. नमुना मी स्वतः घेतला. सर्जन गेल्यावर मामा पालथ्याचे कुशीवर वळले आणि खिशातलं पेन माझ्याकडे केलं.

"मला दिसत नाय मागं. तुम्ही वढा."

मी स्पिरिटनं पुसलं आणि लालीच्या कडेनं रेघ ओढली. एका कानाखालून दुसऱ्या कानाखाली, खाली कॉलरच्या जागेपर्यंत. माझा हात लिहिण्याचा, कातडीचा नाही. रेघ वाकडी आली. वेळ लिहिली.

दोन दिवसांनी बशी उबेतून काढली. रविवार होता. फुलंब्रीहून मुद्दाम आले होते. बारा चकत्या होत्या आणि अकरांच्या भोवती सोनेरी जंतू काठोकाठ, चकतीला चिकटून, शेतात पीक दाटावं तसे उगवले होते. बाराव्या चकतीला खळं होतं, नखाएवढं. मी बशी उजेडाकडे धरली, तिरकी केली, भिंग घेतलं. अकराचे साडेदहा तरी व्हावेत म्हणून माणूस किती वेळ बघू शकतो ते मला त्या दिवशी कळलं. त्याच बशीत ती सिल्लोडची बाई होती, माझी आई होती, चाळीस वर्षांतली सगळी दया होती.

मामी, म्हणजे मामांची बायको, वॉर्डाबाहेर बसली होती. तिनं विचारलं, "काय निगालं?" मी म्हटलं, "एक औषध आहे." ते खरंच होतं. ते औषध त्याच संध्याकाळी मागवून चालू केलं. पण रक्ताचा नमुनाही मी लावला होता, आणि सोनेरी ठिपके सोमवारी तिथेही आले. मामांची लघवी जवळजवळ बंद झाली होती.

"खळं पडलं का, बाई?" सोमवारी मी गेल्यावर मामांनी विचारलं. पालथे झोपलेले, तोंड भिंतीकडे.

"पडलंय. एकाला."

"केवढं?"

"आहे बारीक."

"चाचा व्हते तिथंच आलो म्हणायचं आपण. फिरून. फरक यवढाच, की चाचानं सुऱ्या बांधून ठेवल्या व्हत्या आन् आता सोडायला चाचा बी नाय."

धीर देणारी वाक्यं मला येत नाहीत, आणि आली असती तरी या माणसासमोर ती काय कामाची? बाकीच्यांना त्यांनी नेहमी खरं सांगितलं होतं.

मंगळवारी सकाळी गेले तेव्हा सर्जन जिन्यातच भेटला. मान हलवून खाली गेला. चादर बाजूला केली. माझी वाकडी रेघ लालीच्या मधोमध बुडाली होती, जांभळट कातडीवर निळी दिसेनाशी. लाली खांद्यांवर उतरून पाठीवर गेली होती.

"रेघेच्या आत हाय का?" त्यांनी विचारलं. श्वास लागत होता.

"आत आहे, मामा," मी म्हटलं.

बावीस वर्षांत त्यांच्याशी बोललेलं माझं हे पहिलं खोटं. आणि खोटं खरं करायला म्हणून मी पेन काढलं. नवी रेघ ओढली, लालीच्या बाहेरून, की कुणी पाहिलं तर आत आहे असं दिसावं. पण पेन कुठून चाललंय ते त्यांच्या कातडीला कळणार होतं. त्यांचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून मी त्यांचाच इलाज काढला.

"मामा, आमच्या फुलंब्रीचा बाजार..." आणि मी मुद्दाम चुकीचा वार घेतला.

पेन खांद्यावरून उतरलं, पाठीवरून वळसा घेत खाली, खाली, आणि पलीकडून वर आलं. बराच वेळ लागला. एवढा वेळ मामा काही बोलले नाहीत.

"व्हय," मग म्हणाले. "त्याच वारी भरतो."

मी पेन खिशात ठेवायला लागले.

"टाईम लिहा, बाई."

मी घड्याळात पाहिलं आणि त्यांच्या पाठीवर लिहिलं, दहा वाजून चाळीस.